पहाडीच्या काड्या

यवतमाळ जिल्ह्यात द्राक्षांसाठी कोणी जात नाही. तिकडे लोक जातात ते कापसासाठी, सागाच्या लाकडासाठी, नाहीतर सरकारने बदली केली म्हणून. आम्ही दोघं नवराबायको नाशिकहून निघालो ते द्राक्षाच्या काड्या आणायला, हे ऐकून डब्यातल्या एका गृहस्थांना इतकं हसू आलं की तोंडातला विडा बाहेर यायचाच राहिला. "उलट्या दिशेनं निघालात," ते म्हणाले. "नाशिकहून द्राक्षं बाहेर जातात, नाशिकला कुठून येतात?" मी गप्प बसले. सांगायला लागले असते तर त्यांच्याशी भांडले तरी असते, नाहीतर रडले तरी असते. दोन्हीसाठी गाडीत गर्दी फार होती.

गोष्ट अशी होती. आमच्या विहिरीचं पाणी काही वर्षांत मचूळ झालं आणि रान काळं, चिकट. पाणी वर साचे, खाली वेलींची मुळं कुजत. पानांच्या कडा करपून बाग डोळ्यांदेखत बसत चालली होती. हिरवीगार राहिली ती एकच वेल, विहिरीजवळची. माझ्या लग्नाच्या वर्षी माझ्या वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, ती स्वतः कलम करून लावली होती. तिचा वरचा भाग आमच्याच द्राक्षाचा, पण खालची मुळं दुसऱ्या जातीची. कलमाच्या त्या खालच्या भागाला आमच्यात खुंट म्हणतात. हा खुंट एका रानटी वेलीचा होता आणि तात्या तिला पहाडी म्हणत. पहाडीचं फळ वाटाण्याएवढं आणि असं आंबट की चिमणीसुद्धा एकदा खाऊन पस्तावेल. पण तिची मुळं खाऱ्या पाण्याला भीत नाहीत, साचल्या पाण्यालाही नाहीत.

सगळ्या बागेला पहाडीचा खुंट द्यायचा तर पहाडीच्या पक्व काड्या हव्यात. वर्षभर जून झालेली, पेन्सिलीएवढी जाड काडी तोडून गादीवाफ्यात लावली की मुळं धरते; पुढच्या वर्षी तिच्यावर गोड द्राक्षाचं कलम बांधायचं. पण विहिरीजवळच्या वेलीला वर पहाडीची काडीच नव्हती, तात्या वारले होते आणि माहेरची बाग भावाने मोडली होती. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक दिवस जेवता जेवता निकाल सांगितला. "दिवाळीच्या पाडव्याला काड्या वाफ्यात दिसल्या तर बाग राहील. नाहीतर सगळ्या रानात ऊस." मामंजी दोनदा बोलत नाहीत. त्यांच्या मुलाने, म्हणजे ह्यांनी, ताटातली भाकरी तशीच ठेवली. ह्यांचा सगळा जीव त्या बागेत.

मग मला सुखदेवकाका आठवले. तरुणपणी तात्या पुण्याकडे एका साहेबाच्या बागेत कामाला होते, तेव्हा हा वऱ्हाडी माणूस त्यांच्या जोडीला होता. दोघांनी मिळून पहाडी वाढवली. गावी परतताना काका तिचं एक रोप घेऊन गेले, ते गाव दारव्ह्याजवळ. काका गावकुसाबाहेरच्या वस्तीतले. छप्पन साली त्यांची सगळी वस्ती बौद्ध झाली, एवढं आम्हाला ऐकून माहीत होतं. सासूबाईंनी दशम्या बांधून दिल्या आणि दारात फक्त एवढंच म्हणाल्या, "तिथं काय खाल्लंस, काय प्यालीस, ते घरात येऊन सांगू नको."

दारव्हा

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसायचं. ही गाडी इतकी सावकाश जाते की एक माणूस उतरून शेतातल्या ओळखीच्या माणसाशी दोन शब्द बोलला आणि परत चढला. मला दुसऱ्या वेळी त्याचं हसू आलं असतं. त्या दिवशी मी खिडकीतून येणारं ऊन मोजत होते. येताना हे ऊन असं, तर जाताना ओल्या काड्यांचं काय होणार? दोन्हीकडे कपाशी नजर संपेपर्यंत. द्राक्षाची एक वेल दिसली असेल तर शपथ.

दारव्ह्याला बैलगाडी मिळाली ती धनसिंग नावाच्या बंजारा माणसाची. त्याचा तांडा काकांच्या गावाच्या पलीकडेच होता. आम्ही बरोबर आणलेली रिकामी तरटं, म्हणजे गोणपाटाचे मोठे तुकडे, पाहून त्याने विचारलं, "बाई, यात काय नेता?"

"काड्या. द्राक्षाच्या. ओल्या राहायला पाहिजेत."

त्याने मान हलवली. "माह्या आज्यानं बैलावर मीठ वाह्यलं. त्याले कोल्लं ठेवाचं होतं, तुमाले ओलं ठेवाचं हाये. मिठापक्षा काडी बरी." मग गावाजवळ आल्यावर म्हणाला, "सुकदेव बागवाल्याच्या घरी उतरता? पाटलाच्या वाड्यावर सोडू का? पाव्हने तठीच उतरतेत."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कमी बोलणारे. "सुखदेवकाकांकडेच," ते म्हणाले. धनसिंगाने मागे वळून ह्यांना एकदा नीट न्याहाळलं आणि बैल त्या बाजूला वळवले.

काकांचं अंगण

लांबूनच अंगणातला मांडव दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. मांडवभर द्राक्षवेल पसरली होती. मी गाडी थांबायच्या आत उतरले आणि मांडवाखाली जाऊन पान हातात घेतलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पान मोठं, मऊ, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. पहाडीचं पान जाडसर, खालून पांढरी लव असलेलं. ही पहाडी नव्हती. हे गोड द्राक्ष होतं.

काका घरातून आले. म्हातारे झाले होते, पण हात अजून माळ्याचेच. मी तात्यांची इंदू म्हणून सांगताच माझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्या अभिमानाने मला वेलीच्या बुंध्याशी घेऊन गेले.

"पाह्य इंदूबाई, तुया बापानं शिकवलं तसंच कलम केलं म्या. खाली पहाडी, वरतं गोड. दोन सालं झाली. आन खालून एक फूट येऊ देल्ली नाई. रोज सकाळी उठलो का बुडाशी हात फिरवतो."

कलमाची वेल सांभाळणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण वाचणाऱ्याला सांगते. खुंट स्वतःचे फुटवे काढू पाहतो आणि ते वाढू दिले तर वरचं गोड द्राक्ष मरतं. म्हणून चांगला माळी खुंटाची प्रत्येक फूट नखाने खुडून टाकतो. काकांनी कलम इतकं निगुतीने सांभाळलं होतं की पहाडी मातीखाली जिवंत होती आणि मातीच्या वर तिची एक काडी नव्हती. त्यांच्यापेक्षा एखादा आळशी माणूस असता तर आमचं काम झालं असतं.

आम्ही कशासाठी आलो ते ह्यांनी सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. ते आत गेले आणि बाहेर आले ते कुऱ्हाड घेऊन. "बुडापासून तोडतो. पुढच्या पावसापावतर पहाडी फुटून निघन. तात्याच्या लेकीले रित्या हातानं कसं धाडू?"

ह्यांनी कुऱ्हाडीचा दांडा धरला. "काका, पाडवा काही पुढच्या पावसाळ्यात नाही."

दोघं तसेच उभे राहिले, दांडा दोघांच्या हातात. मी विचारलं, "कलम करताना वरची वेल तोडली असेल. त्या काड्या कुठे गेल्या?"

"कुठी जातीन? चुलीत जळाल्या असतीन." काकांनी घराकडे तोंड करून विचारलं, "काय व, त्या काड्या जाळल्याच ना?"

काकू, अनुसया त्यांचं नाव, चुलीशी भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि पीठ झटकलं. काकांनी ते होकार म्हणून घेतलं. मीही घेतलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी होती. आमच्याकडे जवस तेलासाठी. त्याची चटणी मी पहिल्यांदा खाल्ली. काकांनी तांब्या पुढे केला तेव्हा हात किंचित थबकला, आम्ही घेतो की नाही हे पाहायला. ह्यांनी तांब्या उचलून वरून घटाघटा पाणी प्यायलं आणि "जावईबापू, सावकाश," म्हणत काकू पहिल्यांदा हसल्या. जेवण चविष्ट होतं. मला मात्र प्रत्येक घासाला ऊस दिसत होता.

आडोसा

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर काकूंनी मला घरामागे आंघोळीला पाठवलं. आमच्याकडे न्हाणी घरात असते, दाराला कडी असते. इथे घरामागे दगडी फरशी आणि तिच्याभोवती पुरुषभर उंचीचं जिवंत कुंपण. बाहेरून सगळी दोडक्याची वेल, पिवळी फुलं लागलेली. आत शिरायला एक चिंचोळी वाट, तिला पडदा म्हणून फाटकं घोंगडं. वस्तीतल्या तीन-चार बाया आटोपून हसत बाहेर पडत होत्या. पुरुष सगळे विहिरीवर.

मी डोक्यावर पहिला तांब्या ओतला आणि डोळे उघडले. समोर दोडक्याच्या पानांच्या आतल्या बाजूला वेगळं पान होतं. दोडक्याचं आणि द्राक्षाचं पान लांबून भावंडांसारखं दिसतं. मी पान उलटं केलं. खालून पांढरी लव.

मी ओलेत्याने कुंपणाची फांदी न् फांदी चाचपली. आतलं सगळं कुंपण पहाडीचं होतं. काकूंनी जाळल्या नव्हत्या. त्यांनी त्या काड्या फरशीभोवती मेढी म्हणून खोचल्या होत्या. पावसाळा सरून थंडी लागायच्या बेताला, ओल्या मातीत, रोज न्हाणीचं पाणी. गादीवाफ्यात आम्ही याहून वेगळं काय करतो? काही काड्या उलट्या खोचल्या गेल्या होत्या, डोळे, म्हणजे फुटायच्या गाठी, खाली तोंड करून. त्या वाळून कोळ झाल्या होत्या. सुलट्या होत्या त्यांनी मुळं धरली होती. जून झालेली तांबूस काडी मी नखाने खरवडली. आत हिरवी, रसरशीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

केस न पुसताच बाहेर आले तर काकू वाटेतच उभ्या. काखेत रिकामी घागर, पण पाण्याला निघालेल्या दिसत नव्हत्या.

"पाह्यली तू," त्या म्हणाल्या.

"काकू, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग काल का बोलला नाहीत?"

"तू काहून आली हे समजल्यावर कायले बोलू?"

मला संताप आला. दोन दिवसांचा प्रवास, माझ्या नवऱ्याचा उतरलेला चेहरा, काकांची कुऱ्हाड, हे सगळं बाईने बघितलं आणि भाकरी थापत राहिली. मी म्हटलं, "एका आडोशापायी आमची बाग जाईल, काकू. पाहिजे तर आजच तट्ट्या बांधून देतो दुसऱ्या."

काकूंनी घागर खाली ठेवली. आवाज चढवला नाही. "बांधशीन. तट्ट्या पह्यल्या पावसात कुजतीन. तवा तू असशीन का अठी? पऱ्हाट्याचं, वाळल्या कपाशीचं, कुड म्या दोनदा केलं. लोकाईनं चुलीले उपसून नेलं. हे जितं हाये म्हनून कोनी उपसत नाई. माह्या लग्नापासून आमी नाल्यावर आंग धुवाले जाचो, रस्त्याच्या काठाले. अंधारात जाचं, अंधारात याचं. थंडी असो का पानी. आता दोन सालं झाली, साऱ्या वस्तीच्या बाया उजेडात आंग धुतेत. उजेडात. समजलं का तुले?"

"काकांना कसं कळलं नाही?"

"बायाईच्या न्हाणीकडं तो मान वर करून पाहात नाई. दोडका हाये म्हनते. दोडका खाते बी." क्षणभर हसू आलं त्यांना, मग ते गेलं. "उद्या दसरा. आमचा मोठा दिवस. सकाळी माह्यासंगं नाल्यावर चाल, पह्यले जाचो तशी. मंग काय तोडाचं ते तोड. मी तुया हात धरनार नाई."

मी दिवसभर ह्यांना काही बोलले नाही. बोलले असते तर हे कात्री घेऊन निघाले असते, आणि बायकांच्या न्हाणीत शिरता येत नाही म्हणून दारात खोळंबले असते. काकांनी कुऱ्हाड परत जागेवर ठेवली नव्हती. ती मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती आणि जाता-येता प्रत्येकाची नजर तिच्यावर पडत होती.

नाला

पहाटे काकूंनी उठवलं. आम्ही पाच-सहा बाया निघालो. कोणी बोलत नव्हतं. दिवा नाही, कारण दिव्याने आपणच दिसतो. मी पुढच्या बाईचा पदर धरला होता, कारण वाट मला माहीत नव्हती.

नाला रस्त्याच्या अगदी कडेला, मधे हातभर उंचीचं गवत. पाणी असं गार की पहिल्या ओंजळीला श्वास अडकला. लुगड्यासकट बसून भराभर पाणी घ्यायचं, लुगड्याच्या आतल्या आत अंग चोळायचं, कान रस्त्याकडे. मी अजून अर्धी भिजले नव्हते तेवढ्यात एकीने जिभेने बारीक आवाज केला. सगळ्या जणी जागच्या जागी खाली बसल्या, रस्त्याकडे पाठ करून, डोकं गुडघ्यात. मीही बसले.

बैलगाडीचा आवाज आला. गाडीखाली कंदील टांगलेला, दोघं-तिघं पुरुष बरोबर चालत. गाडी आमच्यापाशी आली आणि थांबली. का थांबली? बिडी पेटवायला. काडी ओढल्याचा आवाज आला. कोणीतरी खाकरलं. कोणीतरी बैलाला काही म्हटलं. कंदिलाचा उजेड माझ्या समोरच्या पाण्यावर हलत होता आणि माझ्या ओल्या पाठीवरही पडला असणार. मला उठून पळावंसं वाटलं. काकूंचा तळहात माझ्या पाठीवर घट्ट बसला, हलू नको म्हणून. दात वाजू नयेत म्हणून मी पदर तोंडात धरला.

त्या माणसांनी काही केलं नाही. एक वावगा शब्द बोलले नाहीत. कदाचित त्यांनी आम्हाला पाहिलंही नसेल. कदाचित पाहून सवयीने तोंड फिरवलं असेल. बिडी ओढून झाली, गाडी गेली. पण ती जाईपर्यंत मी माणूस नव्हते, नाल्याकाठचा एक धोंडा होते, आणि माझ्या शेजारच्या बाया आयुष्यभर रोज पहाटे असे धोंडे होऊन बसल्या होत्या. मला रडू आलं ते भीतीचं नव्हतं, रागाचं होतं. कोणावर, ते मात्र मला तेव्हा सांगता आलं नसतं.

परतताना काकू एवढंच म्हणाल्या, "चाल, चहा पिऊ."

किती तोडायचं

त्या दिवशी वस्तीतल्या बाकी बाया न्हाणीत उजेडात आंघोळ करून पांढरी लुगडी नेसल्या. सगळ्यांचं आटोपल्यावर मी ह्यांना घराच्या कोपऱ्यापर्यंत घेऊन गेले आणि पान दाखवलं. ह्यांनी पान पाहिलं, मला पाहिलं, आणि डोळे मिटून भिंतीला टेकले. मग म्हणाले, "सगळं मिळून रानाला पुरेल."

"सगळं तोडायचं नाही. अर्धंच."

"अर्ध्यात भागेल?"

"नाही."

मी सकाळचं सांगितलं, जेवढं सांगता आलं तेवढं. ह्यांनी कात्रीची धार अंगठ्याने पाहिली आणि कात्री माझ्या हातात दिली. "आत तुलाच जावं लागेल," म्हणाले.

रस्त्याकडची बाजू मी पूर्ण सोडली. घराकडच्या बाजूला प्रत्येक वेलीची एकच जून काडी ठेवायची, बाकीच्या घ्यायच्या असं करत गेले. हात शिवशिवत होता. एकेक राखलेली काडी बघून वाटे, ही आमच्या रानातली एक वेल होती. काकू पडद्यापाशी बसून तोडलेल्या काड्यांची पानं काढत होत्या, आणि मी कुठली तोडते, कुठली सोडते ते एकदाही डोकावून पाहिलं नाही. चार चार डोळ्यांचे तुकडे केले. बुडाचा काप डोळ्याखाली सरळ, शेंड्याचा काप तिरपा, म्हणजे लावताना वर-खाली चुकायला नको.

काका आले ते कोपऱ्यापलीकडेच थांबले. मी एक काडी नेऊन हातात दिली. त्यांनी ती वास घेऊन पाहिली, डोळे मोजले, मग न्हाणीकडे पाठ करून तिथेच खाली बसले. "दोन सालं मी रोज बुडाशी हात फिरवला," ते म्हणाले, "आन हे माह्या पाठीमांगं वाढून राह्यलं होतं." हसले की रडले ते मला मागून कळलं नाही. मग पाठ न वळवता हात मागे करून म्हणाले, "आन इकडं, मी मोळ्या बांधतो."

घराकडची बाजू विरळ झाली, तिथून आरपार दिसायला लागलं. मी नाशिकहून आणलेली तरटं उचलली आणि त्या बाजूला बांधून टाकली, जुनी-नवी सगळी. आता काड्या कशात गुंडाळायच्या? काकूंनी आतून आपलं जुनं लुगडं आणलं, विहिरीच्या पाण्यात भिजवलं आणि मोळ्यांभोवती स्वतः लपेटलं. संध्याकाळी वस्ती झेंड्याखाली वंदनेला बसली. आम्ही मागे बसलो. मला त्यातले शब्द येत नव्हते, पण काकू पांढऱ्या लुगड्यात ताठ बसल्या होत्या आणि मी त्यांच्याकडेच बघत होते.

परत

धनसिंगाने गाडीत चारा अंथरला, वर कडुलिंबाचा पाला टाकला. दारव्ह्याच्या फलाटावर एका शेळीने एका मोळीचं टोक कुरतडलं. मी तिच्या मालकाशी अशी भांडले की तो शेळी सोडून पळाला आणि शेळी आमच्यापाशीच राहिली. छोटी गाडी मधेच उन्हात थांबली. लुगडं कडेने वाळायला लागलं. आत हात घातला तर काड्या कोमट लागल्या. ह्यांच्यासारखा कोणाकडे काही न मागणारा माणूस, पण उतरून इंजिनापर्यंत धावत गेला आणि ड्रायव्हरकडून बादलीभर पाणी घेऊन आला. पुढच्या मोठ्या गाडीत मी मिनिटामिनिटाला एक काडी खरवडून पाहत होते. शेवटी हे म्हणाले, "अशा खरवडत राहिलीस तर घरी न्यायला सालं उरणार नाहीत."

घरी पोचलो तेव्हा मामंजी ओट्यावर बसले होते. पाडवा अजून यायचा होता. ह्यांनी मोळ्या समोर ठेवल्या. मामंजींनी त्या नजरेने तोलल्या.

"हे जेमतेम अर्ध्या रानाला पुरेल. बाकीच्या?"

"तिथेच ठेवल्या," मी म्हटलं.

"आणि माझी तरटं कुठायत? हे लुगडं कुणाचं?"

"लुगडं सुखदेवकाकांच्या घरचं. तरटं त्यांच्या बायकांच्या न्हाणीला लावून आले. बाकीच्या काड्याही तिथेच लागल्यात. त्या तोडल्या असत्या तर बाया उघड्यावर आल्या असत्या."

मामंजींनी लुगड्याला हात लावला नाही. काठीच्या टोकाने ते बाजूला सारलं, एक काडी ओढून काढली, नखाने खरवडली. हिरवी. त्यांनी आणखी एक खरवडली. मग ह्यांना म्हणाले, "उसाचं बेणं अर्ध्याच रानापुरतं सांग." आणि उठून आत गेले.

आज गादीवाफ्यात पहाडीच्या काड्या उभ्या आहेत. बऱ्याचशांना डोळे फुटलेत, लव असलेली बारीक पानं आलीत. शेजारी उसाच्या सऱ्या पाडून झाल्या आहेत. हे रोज दोन्हींच्या मधल्या बांधावर उभे राहतात, आणि त्यांनी मला एकदाही म्हटलं नाही की सगळं तोडायला हवं होतं. मनात येत असेल. माझ्याही येतं.

ते लुगडं मी परत पाठवायचं म्हणून धुतलं. ते दोरीवर वाळत असताना सासूबाई न्हाणीतून बाहेर आल्या आणि त्याच्यापाशी थांबल्या. "तरट किती दिवस टिकेल ग त्यांच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"पावसाळ्यात कुजेल."

त्या मागे वळल्या, कडी लावलेल्या आपल्या न्हाणीच्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी मामंजी रानात गेल्यावर त्यांनी कोठीतून नवी कोरी ताडपत्री ओढत आणली. मामंजींनी पावसाळ्यासाठी घेतलेली, अजून घडीही न मोडलेली. "लुगड्याबरोबर ही पण जाईल का बघ," त्या म्हणाल्या. "आणि घरात कुणाला सांगू नको."